हातावर ८८, पायावर ७४ आणि बीपी घसरतंय

प्रश्न एका जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) काम करणाऱ्या सिस्टरांचा आहे. पूर्ण दिवसांचं, २.९ किलोचं बाळ. पोटातच शी केलेली, जन्मल्यापासून धाप. उजव्या हातावर सॅच्युरेशन ८८, पायावर ७४. बीपी सकाळी ५८/३४ होतं, दुपारी ४४/२४ झालं. दोनदा सलाईनचा बोलस (ठरावीक डोस एकदम) दिला, मग बीपी वाढवणारं डोपामिन लावलं. लंगोट बदलायला हात लावला तरी बाळ निळं पडतं. त्यांनी विचारलंय, "सर, हे बीपी हृदयामुळे घसरतंय की फुप्फुसांमुळे? आणि औषधानं बीपी वाढवलं तर फुप्फुसांतला दाबही वाढणार नाही का?"

सिस्टर, तुमचा दुसरा प्रश्न पीपीएचएन, म्हणजे नवजात बाळाच्या फुप्फुसांतला दाब जन्मानंतरही चढलेलाच राहणं, या आजाराच्या थेट मुळाशी जातो. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की या बाळात हृदय आणि फुप्फुसं वेगळी करताच येत नाहीत. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या आहेत, त्यामुळे उजव्या हृदयावर ताण आहे, आणि उजवं हृदय थकल्यामुळे अंगाचं बीपी घसरतंय. बीपी घसरलं की उजव्या हृदयाला स्वतःला मिळणारं रक्त कमी होतं आणि ते आणखी थकतं. हे चक्र नीट समजलं की कुठलं औषध कधी द्यायचं, सलाईन कुठे थांबवायचं आणि तुम्ही चार्टवर लिहिता ते आकडे इतके मोलाचे का, हे आपोआप उलगडत जातं.

पोटात असताना बाळाची फुप्फुसं पाण्यानं भरलेली असतात. ऑक्सिजन देण्याचं काम वार करते. तेव्हा फुप्फुसांकडे फार रक्त जाण्याची गरजच नसते. तिथल्या बारीक रोहिण्या आवळलेल्या असतात आणि उजव्या खालच्या कप्प्यातून निघालेलं बहुतेक रक्त डक्टसमधून (फुप्फुसांकडे जाणारी रोहिणी आणि महारोहिणी यांना जोडणाऱ्या नळीतून) सरळ महारोहिणीत उतरतं. वरच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेतूनही रक्त उजवीकडून डावीकडे जातं. फुप्फुसांतला दाब आणि अंगातला दाब त्या काळात जवळजवळ सारखाच असतो.

जन्मानंतरच्या काही मिनिटांत हे सगळं पालटावं लागतं. हवा शिरते, ऑक्सिजन वाढतो, पाणी शोषलं जातं, रोहिण्या सैल होतात आणि फुप्फुसांतून वाहणारं रक्त आठ-दहा पटींनी वाढतं. तिकडे नाळ बांधली गेली की वारेकडे जाणारी मोकळी वाट बंद होते आणि अंगातला दाब चढतो. फुप्फुसांतून परतलेल्या रक्तानं डावा वरचा कप्पा भरतो, मधली झडप मिटते. डक्टस पुढच्या एक ते तीन दिवसांत आकसते. पहिल्या २४ तासांत फुप्फुसांतला दाब अंगातल्या दाबाच्या साधारण निम्म्यावर येतो. मोठ्या माणसासारखा व्हायला आणखी काही आठवडे लागतात.

हजार जिवंत जन्मांमागे साधारण दोन बाळांत हा पालट अडतो. त्यालाच आपण पीपीएचएन म्हणतो. १९६९ साली गर्सोनी आणि सहकाऱ्यांनी याचं वर्णन केलं तेव्हा त्याला ‘गर्भातलं अभिसरण चालूच राहणं’ असं म्हटलं होतं. वर्णन नेमकं आहे, फक्त त्यातली भयंकर गोष्ट अशी की वाट गर्भातलीच राहते आणि वार मात्र गेलेली असते. मेकोनियम, म्हणजे बाळाची पहिली शी, श्वासात जाणं हे आपल्याकडचं नेहमीचं कारण. नातेवाईक त्यालाच ‘बाळ घाण पाणी प्यायलं’ म्हणतात. जन्मताना गुदमरणं, जंतुसंसर्ग, न्यूमोनिया ही बाकीची मोठी कारणं. छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याला भोक असलेली बाळं वेगळ्या जातकुळीची; त्यांची फुप्फुसंच लहान असतात.

आता तुमचे हातापायाचे आकडे. पाटाचं पाणी जसं उताराकडे वळतं, तसं डक्टसमधलं रक्त कमी दाबाच्या बाजूला वळतं. फुप्फुसांतला दाब अंगातल्या दाबाहून जास्त झाला की अशुद्ध रक्त डक्टसमधून महारोहिणीत मिसळतं. उजव्या हाताची रोहिणी त्या जोडाच्या आधी फुटते, म्हणून उजव्या हाताला चांगलं रक्त मिळतं आणि पायांना मिसळलेलं. डावा हात या दोन्हींच्या सीमेवर आहे, म्हणून तिथे प्रोब लावून काही कळत नाही. ५ ते १० टक्क्यांहून जास्त फरक असला की डक्टसमधून रक्त उलटं जातंय असं धरायचं. मात्र फरक नाही म्हणून पीपीएचएन नाही, असं म्हणू नका. रक्त वरच्या कप्प्यांमधल्या झडपेतून मिसळत असेल तर हात आणि पाय दोन्ही सारखेच निळे राहतात.

पायाचा आकडा हाताहून जास्त दिसला, तर प्रोब तपासून पुन्हा लावा. तरीही तसाच राहिला तर डॉक्टरांना लगेच बोलवा. मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेल्या बाळात असं दिसतं.

या उताराला दोन टोकं आहेत हे लक्षात घ्या. फुप्फुसांतला दाब चढला तरी मिसळ वाढते आणि अंगातला दाब उतरला तरी वाढते. तुमच्या बाळाचं बीपी ५८ वरून ४४ वर आलं तेव्हा फुप्फुसांत काहीही बदललं नसतं, तरी पायाचं सॅच्युरेशन खाली गेलंच असतं. म्हणून बीपी आणि दोन्ही सॅच्युरेशन एकाच वेळेला, एकाच ओळीत लिहा. वेगवेगळ्या तासांना घेतलेल्या आकड्यांवरून हे नातं दिसत नाही.

उजव्या हृदयाबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण आपण सगळे फुप्फुसांकडे आणि व्हेंटिलेटरकडे पाहत बसतो आणि मधे दमलेल्या त्या स्नायूकडे दुर्लक्ष होतं. आवळलेल्या रोहिण्यांविरुद्ध ढकलता ढकलता उजवा खालचा कप्पा फुगतो. फुगला की मधली भिंत डावीकडे सरकते आणि डाव्या कप्प्याला भरायला जागा उरत नाही. त्यात फुप्फुसांतूनच रक्त कमी येत असतं. म्हणजे डावा कप्पा दोन्ही बाजूंनी उपाशी. तो अंगाला कमी रक्त पाठवतो, बीपी उतरतं. दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. उजव्या कप्प्याच्या स्नायूला एरवी आकुंचन आणि शिथिलता या दोन्ही वेळी रक्त मिळतं, कारण त्याच्या आतला दाब कमी असतो. आतला दाब अंगाच्या बीपीइतका झाला की आकुंचनाच्या वेळचं रक्त जवळजवळ बंद होतं. उरतं ते शिथिलतेच्या वेळचं, आणि ते अवलंबून असतं खालच्या बीपीवर. तुमच्या बाळाचं खालचं बीपी ३४ वरून २४ वर आलंय. राउंडला आपण वरचा आकडा मोठ्यानं सांगतो. या आजारात खालचाही सांगा, आणि सरासरीही.

सरासरी किती हवी? बाळ जितक्या आठवड्यांचं, निदान तितकी, हा ढोबळ नियम सगळ्यांना ठाऊक आहे. ३९ आठवड्यांच्या बाळाला साधारण ३९-४०. खालच्या आकड्यात दोन्हींमधल्या फरकाचा एक तृतीयांश मिळवला की ४४/२४ ची सरासरी ३१ च्या आसपास येते, म्हणजे ती नक्कीच कमी आहे. पण त्या आकड्याबरोबर बाळही पाहायचं. छातीच्या हाडावर बोटानं पाच सेकंद दाबून सोडलं की रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागतात का? लघवी तासाला किलोमागे १ एमएलपेक्षा कमी आहे का? यकृत बरगडीखाली उतरलंय का? रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याची खूण) चढतंय का? यकृत वाढत असेल आणि बीपी पडत असेल, तर रक्त कमी पडलेलं नाही, ते उजव्या बाजूला तुंबलंय.

आणि कफ. दंडाच्या घेराच्या साधारण निम्म्या रुंदीचा कफ हवा. लहान कफ बीपी खोटंच जास्त दाखवतो, मोठा कमी दाखवतो. बीपी फार उतरलं की मशीनचा कफ बहुधा खऱ्यापेक्षा जास्त आकडा देतो. म्हणजे ज्या बाळात खरा आकडा सगळ्यात जास्त हवा, तिथेच मशीन धीर देऊन जातं. शक्य असेल तिथे नाळेच्या रोहिणीतून सतत मोजणं चांगलं. फक्त तिथून काढलेलं रक्त डक्टसच्या पुढचं असतं हे ध्यानात ठेवून रिपोर्ट वाचावा लागतो.

सलाईनबद्दल माझं मत ठाम आहे. प्रसूतीत रक्तस्राव झाला असेल, नाळ दबली असेल, जंतुसंसर्गानं रक्तवाहिन्या सैल पडल्या असतील, तर किलोमागे १० एमएल एकदा द्यायला हरकत नाही. त्यानं फरक पडला नाही तर दुसऱ्या बोलसआधी थांबून यकृत आणि शक्य असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहायला हवं. फुगलेल्या उजव्या कप्प्यात आणखी पाणी भरलं की तो आणखी फुगतो, भिंत आणखी सरकते आणि बीपी आणखी पडतं. ‘बीपी कमी, लाव सलाईन’ हे प्रौढांच्या वॉर्डातून आलेलं प्रतिक्षिप्त उत्तर इथे बाळाचं नुकसान करतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तुमची शंका रास्त आहे. डोपामिन अंगातल्या रोहिण्या आवळतं तसं फुप्फुसांतल्याही आवळतं, डोस वाढत जातो तसं जास्त. काही बाळांत बीपी चढतं आणि सॅच्युरेशन जागच्या जागी राहतं किंवा उतरतं, त्याचं कारण हेच. बीपी ४४ चं ५५ झालं, पण पायाचं सॅच्युरेशन ७४ चं ७० झालं, तर चार्टवर सुधारणा दिसली तरी बाळ सुधारलेलं नाही. नॉरअॅड्रेनलिननं अशा बाळांत बीपीबरोबर ऑक्सिजनही सुधारल्याचं फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००८ साली दाखवलं. तेव्हापासून बऱ्याच केंद्रांत ते आधी वापरलं जातं. व्हॅसोप्रेसिन अंगातल्या रोहिण्या आवळतं पण फुप्फुसांतल्या फारशा आवळत नाही, म्हणून हट्टी बाळांत त्याचाही विचार होतो. त्यात सोडियम घसरतं आणि लघवी कमी होते, ते मोजत राहावं लागतं. डाव्या हृदयाचंच आकुंचन कमी असेल, जसं गुदमरलेल्या बाळांत असतं, तर मिलरिनोन उपयोगी पडतं. पण ते अंगातल्या रोहिण्याही सैल करतं, म्हणून बीपी सावरल्याशिवाय आणि लोडिंग डोस देऊन ते सुरू करणं धोक्याचं. मूत्रपिंडं मंदावलेली असतील किंवा बाळ उपचारासाठी थंड ठेवलेलं असेल तर ते अंगात साचतंही.

एके काळी बीपी मुद्दाम वर ढकलायची पद्धत होती. फुप्फुसांतला दाब ७० असेल तर अंगातला ८० करा, म्हणजे रक्त उलटं जाणार नाही, हा त्यामागचा विचार. आकडे त्यानं सुधारतात, पण दमलेल्या डाव्या कप्प्यावर वरून ओझं पडतं. बीपी बाळाच्या वयाला साजेसं असावं, त्याहून वर नको. उताराचं दुसरं टोक, म्हणजे फुप्फुसांतला दाब, खाली आणणं हाच खरा उपचार.

ते करताना सगळ्यात मोठी अडचण अशी की फुप्फुसांतल्या रोहिण्या सैल करणारं औषध शिरेतून दिलं की अंगातल्या रोहिण्याही सैल होतात. जुन्या काळी टोलाझोलिन वापरायचे. बीपी कोसळायचं, जठरातून रक्तस्राव व्हायचा. नायट्रिक ऑक्साइडनं ही अडचण सोडवली. तो वायू श्वासातून जातो, म्हणून जिथे हवा पोचते तिथल्याच रोहिण्या उघडतो, आणि रक्तात शिरताच हिमोग्लोबिन त्याला निकामी करतं. अंगाचं बीपी जवळजवळ हलत नाही. शरीरात हा रेणू निरोप्याचं काम करतो हे शोधणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं आणि १९९९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत नवजात बाळांसाठी त्याला परवानगी मिळाली. २० पीपीएमपासून सुरुवात होते. साधारणपणे ऑक्सिजनेशन इंडेक्स २५ च्या वर गेला की तो लावतात. इंडेक्स काढणं सोपं आहे: व्हेंटिलेटरचा सरासरी दाब गुणिले ऑक्सिजनची टक्केवारी, भागिले रक्तातला ऑक्सिजनचा दाब. दाब १४, ऑक्सिजन १०० टक्के, रक्तात ५० असेल तर इंडेक्स २८. या वायूमुळे एक्मोची (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्राची) गरज कमी होते हे मोठ्या चाचण्यांत दिसलं, मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. सगळ्या बाळांना तो लागूही पडत नाही. फुप्फुस नीट फुगलेलं नसेल तर वायू पोचणारच नाही, आणि डावं हृदयच कमकुवत असेल तर उघडलेल्या फुप्फुसांत रक्त तुंबतं. तो अचानक बंद झाला तर दाब उसळी मारून परत येतो. म्हणून सक्शनसाठी किंवा बॅगिंगसाठी सर्किट काढताना बॅगलाही वायू जोडलेला हवा. हे काम पूर्णपणे सिस्टरांच्या दक्षतेवर चालतं.

तुमच्याकडे नायट्रिक ऑक्साइड नसेल. तिथे तोंडावाटे सिल्डेनाफिल देतात आणि त्याचा उपयोग होतो. पण तेही बीपी उतरवतं, आणि शॉकमधल्या बाळाच्या आतड्यातून औषध किती शोषलं जाईल याचा भरवसा नसतो. ४४/२४ वर ते सुरू करू नये. आधी बीपी सावरावं, मग सुरू करावं, आणि पहिल्या डोसनंतर बीपी दर १५ मिनिटांनी पाहावं.

औषधांइतकाच परिणाम करणाऱ्या काही गोष्टी पूर्णपणे तुमच्या हातात आहेत. १९६६ साली रुडॉल्फ आणि युआन यांनी नवजात वासरांवर दाखवलं की रक्तातला ऑक्सिजन ४५-५० च्या खाली गेला की फुप्फुसांतला दाब झपाट्यानं चढतो, आणि रक्त आम्लयुक्त असेल तर आणखी जास्त. म्हणून पीएच ७.२५ च्या वर हवा. पण ऑक्सिजनचा अतिरेकही नको. हातावरचं सॅच्युरेशन ९१ ते ९५ पुरेसं आहे. १०० वर ठेवलं तर रोहिण्या आणखी उघडत नाहीत, उलट त्या चिडचिड्या होतात आणि नायट्रिक ऑक्साइडचा परिणामही कमी होतो. पूर्वी जोरात व्हेंटिलेशन करून कार्बन डायऑक्साइड खाली आणायचे. त्यानं मेंदूचा रक्तपुरवठा घटायचा. ते आता सोडून दिलंय.

लंगोट बदलताना बाळ निळं पडतं, हे याच चिडचिड्या रोहिण्यांमुळे. वेदना, थंडी, आवाज, उजेड, कशानंही त्या आवळतात. डोळ्यांवर पट्टी, कानांवर कापूस, मॉनिटरचा आवाज कमी, दार हळू. कामं एकत्र उरकण्याच्या नादात बाळाला सलग अर्धा तास हाताळू नका. थोडं करा, सॅच्युरेशन परतलं की पुढचं. सक्शन वेळापत्रकानं नको, गरजेनं. तापमान ३६.५ ते ३७.५. साखर आणि कॅल्शियम पाहा. नवजात हृदय बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवर फार अवलंबून असतं. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ६५ च्या वर असेल तर रक्त घट्ट होऊन दाब वाढतो, तेही कळवा. डोपामिन, नॉरअॅड्रेनलिनच्या लाइनमधून दुसरं औषध ढकलू नका, आणि सिरिंज संपण्याआधी पुढची तयार ठेवा. सिरिंज बदलताना गेलेल्या त्या दोन मिनिटांत बीपी पडतं आणि अख्खं चक्र पुन्हा सुरू होतं.

इको करायला कोणी येणार असेल तर त्याच क्षणी बीपी घेऊन कागदावर लिहा. ट्रायकस्पिडमधून (उजव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेतून) परतणाऱ्या रक्ताचा वेग ३.५ मीटर आला, तर ४ गुणिले ३.५ गुणिले ३.५ म्हणजे ४९, त्यात वरच्या कप्प्याचे ५ मिळवून उजव्या हृदयाचा दाब ५४. अंगाचं बीपी तेव्हा ७० असेल तर परिस्थिती बरी आहे. ४४ असेल तर फुप्फुसांतला दाब अंगापेक्षा जास्त आहे. इको तोच, अर्थ उलटा. आणि वेग कमी आला म्हणून निश्चिंत होऊ नका. फार थकलेल्या हृदयात तो वेग निर्माण करायची ताकदच उरत नाही.

इको आणखी एका कारणासाठी टाळता येत नाही. फुप्फुसांतून परतणाऱ्या नीला चुकीच्या जागी जोडलेल्या आणि वाटेत अडलेल्या असतील, तर ते बाळ हुबेहूब पीपीएचएनसारखं दिसतं, आणि रोहिण्या उघडणाऱ्या औषधांनी बिघडतं. महारोहिणी अरुंद असेल तर डक्टस मिटू लागली की बीपी कोसळतं. म्हणून निदान एकदा उजव्या हाताचं आणि पायाचं बीपी घ्या. हाताचं वरचं बीपी २० नं जास्त असेल तर लगेच सांगा. अशा बाळाला प्रोस्टाग्लँडिननं डक्टस उघडी ठेवावी लागते. खऱ्या पीपीएचएनमध्येही उजवं हृदय फुटायला आलेलं असेल आणि डक्टस मिटत असेल, तर तेच औषध उपयोगी पडतं, कारण उजव्या कप्प्याला दाब सोडायला ती एकच वाट उरलेली असते. पाय थोडे निळे राहिलेले चालतील, हृदय चालायला हवं. हे औषध दिल्यावर श्वास थांबू शकतो, ट्यूबची तयारी जवळ ठेवा.

बाळाला पुढे पाठवायचं ठरलं तर उशीर करू नका, पण ४४/२४ वर गाडीत घालू नका. आधी तापमान, साखर, श्वास, बीपी. पुढच्या रुग्णालयाला फोनवर ‘बाळ सिरियस आहे’ एवढंच सांगून भागत नाही. दोन्ही सॅच्युरेशन, बीपीचा सकाळपासूनचा उतार, किती सलाईन गेलं, कुठलं औषध किती वेगानं चालू आहे, ते सांगा. नायट्रिक ऑक्साइड आहे का आणि जागा आहे का, हे निघण्याआधी विचारा.

आणि आईबापांशी बोला. बाहेर बसलेल्या बापाला ‘बीपी’ म्हटलं की आजोबांचं बीपी आठवतं, तो गोळ्यांचं विचारतो. त्याला सांगा की जन्मल्यावर उघडायची फुप्फुसांची वाट अजून उघडली नाही, त्यामुळे हृदयावर ओझं आहे, आणि बहुतेक बाळांत ती काही दिवसांत उघडते. आईचं दूध पिळून ठेवायला आजच सुरुवात करा.

बाळ बरं झालं तरी डिस्चार्ज कार्डावर दोन गोष्टी ठळक लिहा: वाढ-विकासाची तपासणी आणि कानांची तपासणी. या बाळांत श्रवणदोष उशिरानंही उमटतो. घरी जाताना बेरा (ऐकण्याची तपासणी) नॉर्मल आला तरी काही महिन्यांनी पुन्हा करायचा आहे, हे आईला तोंडी सांगा आणि तारीख लिहून द्या.